कॉन्टेसा: थाट मसल कारचा, इंजिन ॲम्बेसिडरचं

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.)

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच मागणी केली होती, गाड्यांवर बोल. तर आज गाडीवर बोलू. पण इतिहास सांगायची माझी पद्धत आज थोडी उलटी आहे. एखादी वस्तू कशी बनली हे सगळेच सांगतात. मी ती बंद कशी पडते, तिथून सुरू करणार आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर बग शोधतो. एखादा बग नीट खणत गेलं की तो कोड कुणी, कोणत्या घाईत, कोणत्या मजबुरीत लिहिला ते कळत जातं. गाडीच्या बिघाडाचंही तसंच असतं, हे मला मागच्या वर्षी बिलोलीत कळलं.

आमच्या घरामागं कडुनिंबाखाली एक कॉन्टेसा उभी आहे. मोठ्या काकांची, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. 1.5 लिटरचं जुनं इंजिन असलेली, 1996 मध्ये हैदराबादहून सेकंड-हँड आणलेली. पुण्या-मुंबईकडच्यांना प्रश्न पडेल, हैदराबादहून कशी? तर 1956 पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातच होतो. येसगीचा पूल ओलांडला, मांजरा मागं टाकली की पलीकडं बोधन. लग्नाचा बस्ता असो की गाडीचा सुटा भाग, आमच्या आधीच्या पिढीचे पाय आधी तिकडंच वळायचे.

ही गाडी ऑगस्ट 2004 पासून हललेली नाही. आणि त्याच महिन्यापासून माझे बाबा आणि आबा एकमेकांशी धड बोललेले नाहीत. ते का, हे पुढं येईल. आधी गाडीचा इतिहास.

मसल कार म्हणजे नेमकं काय?

इन्स्टावर कॉन्टेसाची रील लागली की खाली हमखास लिहिलेलं असतं, 'भारताची मसल कार'. अमेरिकेत मसल कार म्हणजे साधारण मध्यम आकाराची, दोन दारांची गाडी, आणि तिच्यात तिच्या अंगापेक्षा मोठं इंजिन. 1964 ची पॉन्टियाक जीटीओ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मूळ गाडी बऱ्यापैकी साधी, पण तिच्यात 6.4 लिटरचं व्ही-8 बसवलं, 325 हॉर्सपॉवरचं. तिकडं पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि हप्त्यावर गाडी घेणारी तरुण पोरं भरपूर. त्यातून हा प्रकार चालला.

कॉन्टेसाचं बरोबर उलटं आहे. अंग मोठं, इंजिन लहान. लांब बॉनेट, रुंद चेहरा, मागच्या चाकांना ताकद, म्हणजे दिसायला सगळा थाट तोच. पण बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा, की आमचे चाचा म्हणायचे, "बेटा, इसमें तो मैं खडा रह के काम करता था." चाचा म्हणजे आमच्या गावातले जुने मेकॅनिक. आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण हाताला सगळं आठवतं. आजच्या भागातलं अर्धं ज्ञान त्यांचं आहे.

पहिला बिघाड: गाडीला दमच नाही

ही तक्रार कॉन्टेसाच्या 1.5 लिटर मॉडेलबद्दल सगळीकडं ऐकू येते. चढ आला की दुसरा गिअर. एसी लावला की गाडी जड. ओव्हरटेक करायचा तर आधी देवाचं नाव.

याचं कारण शोधायला थेट इंग्लंडला जावं लागतं. कॉन्टेसाचं मूळ शरीर व्हॉक्सहॉल कंपनीचं. 1972 मध्ये त्यांनी व्हिक्टर गाडीची एफई नावाची मालिका काढली. तीच पुढं 1976 मध्ये व्हीएक्स नावानं विकली गेली आणि 1978 ला बंद झाली. तिकडं तिच्यात 1.8 आणि 2.3 लिटरची इंजिनं होती, आणि व्हेन्टोरा नावाच्या महागड्या भावंडात तर 3.3 लिटरचं सहा सिलिंडरचं. म्हणजे ती मोकळी जागा उगाच नव्हती. ती सहा सिलिंडरच्या इंजिनाची जागा होती.

तिकडं जुनी झालेली ही गाडी बनवायचे साचे आणि यंत्रं हिंदुस्तान मोटर्सनं विकत घेतली, आणि 1984 मध्ये कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यातून कॉन्टेसा बाजारात आली. शरीर आलं, पण इंजिन? ते घरातलंच वापरलं. ॲम्बेसिडरचं 1489 सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं, साधारण 50 हॉर्सपॉवरचं. आणि गाडीचं वजन जवळजवळ 1200 किलो. आजच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकलाही याहून जास्त ताकद असते आणि तिचं वजन त्याच्या पाऊणपट असतं.

आता पहिला विचार येतो, असलं कसलं डिझाईन? पण थांबा. मी ऑफिसात जेव्हा दहा वर्षांपूर्वीचा विचित्र कोड बघतो, तेव्हा शिव्या द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायला शिकलोय: त्या माणसासमोर पर्याय काय होते?

पर्याय फारसे नव्हतेच. थोडं मागं जाऊ. 1928 मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. फोर्डही होती. सुटे भाग बाहेरून आणायचे आणि इथं जोडायचे. 1944 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि क्रायसलरशी करार करून डॉज, प्लायमथ अशा अमेरिकन गाड्या तिथं तयार होऊ लागल्या. म्हणजे खऱ्या अमेरिकन गाड्यांना महाराष्ट्रात हात लागलेला होता, तोही स्वातंत्र्याच्या आसपास.

मग 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं धोरण ठरवलं: नुसती जोडणी नको, इथंच भाग बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या देशी कंपन्या. कोणती गाडी किती बनवायची याला परवाना, परकीय चलनाची चणचण, आयातीवर बंधनं. कुर्ल्यात मोठ्या अमेरिकन गाड्या मागं पडल्या आणि छोटी फियाट राहिली. तिचीच पुढं पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी. ऑक्टोबर 2023 मध्ये ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी स्टेटस ठेवलं होतं.

अशा काळात नवं इंजिन बनवणं म्हणजे नवा परवाना, नवी यंत्रं, नवं चलन. हातात असलेलं इंजिन नव्या शरीरात बसवणं सगळ्यात सोपं. त्यामुळं 'दम नाही' हा बिघाड कारखान्यातल्या कुणाच्या आळसाचा नव्हता. तो तीस वर्षांच्या धोरणाचा हिशेब होता, जो बॉनेटखाली दिसत होता.

गंमत बघा. व्हॉक्सहॉल 1925 पासून 2017 पर्यंत जनरल मोटर्सच्याच मालकीची होती. म्हणजे जी कंपनी 1950 च्या दशकात मुंबईतून गेली, तिच्याच घरातली गाडी तीस वर्षांनी उत्तरपाड्याच्या दारानं परत आली. पुढं कॉन्टेसाला जपानच्या इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन मिळालं, कॉन्टेसा क्लासिक नाव लागलं, ताकद 85-90 हॉर्सपॉवरच्या घरात गेली आणि गाडीला पहिल्यांदा खरा श्वास मिळाला. त्या इसुझूतही जनरल मोटर्सचा मोठा हिस्सा होता. जग गोल आहे ते असं.

दुसरा बिघाड: गरम होणं

मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात 43-44 अंश तापमान नवं नाही. इंग्लंडच्या हवेसाठी आखलेलं यंत्र इथं आलं की दोन गोष्टी होतात. लोक दोन्हीला 'गाडी गरम झाली' म्हणतात, पण त्या वेगळ्या आहेत.

पहिली, रेडिएटर खरंच उकळतो. याला बऱ्याचदा आपलं पाणी जबाबदार असतं. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या अरुंद होतात, पाणी फिरत नाही. त्यावर गावोगावचा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडं न जाऊ देणारी झडप. ती काढली की दोन दिवस बरं वाटतं. पण मग थंडीत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि नळ्यांतला थर तसाच राहतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एरर दाखवणारी ओळच कॉमेंट करून टाकली.

दुसरी गोष्ट व्हेपर लॉक. गाडी कुठं पाच मिनिटं थांबली, परत सुरू केली, आणि शंभर मीटरवर खोकून बंद. काटा मात्र फार वर नाही. या जुन्या इंजिनांचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो, आणि पेट्रोलचे हलके घटक तर 40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप वाफ ओढत बसतो, पेट्रोल येत नाही.

यावर ओलं फडकं पंपावर ठेवायचं, हे तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. तो अडाणीपणा नव्हता. पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं, वाफेचं परत पेट्रोल होतं, गाडी सुरू. माठाचं तत्त्व. आबांच्या गाडीत डिकीत पाण्याचा कॅन आणि जुन्या धोतराचं फडकं कायम असायचं. लहानपणी मला वाटायचं ते काच पुसायला आहे.

तिसरा बिघाड: पॉइंट आणि कंडेन्सर

आता जरा इलेक्ट्रिककडं येऊ. आजच्या गाडीत ठिणगी कधी पडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. या गाडीत ते काम डिस्ट्रिब्युटरमधले दोन छोटे धातूचे तुकडे करतात, ज्यांना सगळे मेकॅनिक नुसतं 'पॉइंट' म्हणतात. ते उघडले की इग्निशन कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगला ठिणगी मिळते.

थोडं गणित करू. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर डिस्ट्रिब्युटर 1500 फेरे घेतो, प्रत्येक फेऱ्यात पॉइंट चार वेळा उघडतात. म्हणजे मिनिटाला 6000 वेळा. सेकंदाला 100 वेळा! आणि मधली फट किती हवी? 0.35 ते 0.40 मिलिमीटर. इतकं काम करून पॉइंट झिजणार, जळणार, हे ठरलेलंच. कंडेन्सर त्यांना जळण्यापासून वाचवतो, आणि कंडेन्सर गेला की पॉइंट काही दिवसांत काळे पडतात.

चाचांकडं फट मोजायची पट्टी होती, पण ते वापरायचे लग्नपत्रिका. जाड कागदाची पत्रिका पॉइंटमध्ये घालायची, हलकी अडकली पाहिजे, सैल नको. "ज्याचं लग्न चांगलं झालं त्याचीच पत्रिका घ्यायची," असं म्हणून हसायचे.

मला इथं एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ही यंत्रणा वारंवार बिघडायची हे खरं. पण ती बिघडल्यावर बिलोलीसारख्या गावात, झाडाखाली, एक पाना, एक पॉलिश पेपर आणि एक लग्नपत्रिका यावर ती दुरुस्त व्हायची. माझ्या स्वतःच्या गाडीत बिघाड खूप कमी आहेत. पण दिवा लागला की मला नांदेड गाठावं लागतं, आणि तिथला मुलगाही लॅपटॉप जोडल्याशिवाय बोलत नाही. कोणतं चांगलं? माझ्याकडं सरळ उत्तर नाही. पण आधीच्या काळात ज्ञान गावात होतं, आणि ते आता गावातून निघून चाललंय, एवढं मी डोळ्यांनी बघतोय.

चौथा बिघाड: अर्थिंग

आता त्या रात्रीबद्दल.

ऑगस्ट 2004. मी सात वर्षांचा. संध्याकाळपासून पाऊस. आजीच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळ घालवू नका, नांदेडला न्या. घरात चारचाकी एकच. आबांनी कॉन्टेसा काढली. मागं आजी, आजीचं डोकं मांडीवर घेऊन बाबा. पुढं मी, कारण मी रडून हट्ट केला आणि भांडायला कुणाला वेळ नव्हता.

हेडलाइट चालू, वायपर चालू. नरसी फाट्याच्या अलीकडंच मला दिसलं, समोरचा उजेड पिवळा पडत चाललाय. मग वायपर हळू झाले. नरसी मागं पडलं आणि नायगाव यायच्या आधी इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद. आबांनी चावी फिरवली, नुसता 'टक' आवाज. चोकचा नॉब ओढला आणि हात झटकन मागं घेतला. "भाजायलंय हे!" हे त्यांचे शब्द मला आजही आठवतात.

पाऊण तासानं वाळूचा एक रिकामा ट्रक थांबला. त्याच्या केबिनमध्ये आजीला बसवून बाबा नांदेडला गेले. आजी वाचली, पुढं चार वर्षं जगली. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात दुसऱ्या दिवशी बाबा आबांना जे बोलले ते घरात सगळ्यांना माहीत आहे. "तुझ्या दिखाव्यापायी आज आई गेली असती." आबा काही बोलले नाहीत. गाडी ओढून आणली, निंबाखाली लावली, चावी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. त्यानंतर वीस वर्षं दोघं एकाच वाड्यात राहतात, आणि निरोप आम्हा पोरांमार्फत देतात.

मागच्या वर्षी मला महिनाभर घरून काम करायची मुभा मिळाली. मी बिलोलीला आलो आणि आबांकडं चावी मागितली. ते म्हणाले, "काय करायलास तिचं? भंगारवाल्यालाच दाखव की." पण चावी दिली.

वीस वर्षं उभी गाडी थेट सुरू करायची नसते, हे सांगून ठेवतो. आधी प्लग काढले, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग हातानं इंजिन फिरवून बघितलं. फिरलं. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं, ते काढून टाकी धुतली. उंदरांनी वायरिंगची एक बाजू खाल्लेली, ती बदलली. यातला एक दिवस माझ्याच चुकीनं गेला. नवी बॅटरी जोडताना घाईत पाना दोन टोकांना टेकला, मोठी ठिणगी उडाली आणि चाचांनी मला खास दखनीत जे सुनावलं ते इथं सांगता येणार नाही.

मग स्टार्टर दिला. 'टक.' वीस वर्षांपूर्वीचाच आवाज. नवी बॅटरी, तरीही.

इथं माझ्या बीटेकचा पहिल्यांदा घरच्या कामाला उपयोग झाला. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावलं आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगितली. दोन्ही जागा वायरीनं जोडलेल्या असायला हव्यात, म्हणजे मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवं, फार तर अर्धा व्होल्ट. माझ्या मीटरवर सहाच्या वर आकडा आला.

म्हणजे काय, ते सांगतो. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी नसतात. एकच वायर जाते, करंट परत येतो तो गाडीच्या लोखंडी अंगातून. इंजिन मात्र रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे ते अंगापासून तुटलेलं. म्हणून इंजिन आणि अंग यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते, अर्थिंगची पट्टी. स्टार्टरला दीडशे अॅम्पियरच्या आसपास करंट लागतो. या पट्टीच्या जोडावर फक्त 0.02 ओहमचा अडथळा आला, तरी 150 गुणिले 0.02, तीन व्होल्ट तिथंच गेले. बारातले तीन! आणि अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला. पट्टी खराब असली की तो बॅटरीला नीट चार्जच करू शकत नाही. पावसात, दिवे-वायपर चालू असताना बॅटरी रिकामी होत जाते. आधी उजेड पिवळा, मग वायपर हळू, मग ठिणगी कमजोर, मग इंजिन बंद. अगदी त्या रात्रीचा क्रम.

आणि चोकचा नॉब का भाजला? पट्टीतून वाट मिळाली नाही की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि अंग यांना जोडणारी दुसरी धातूची गोष्ट कोणती? चोकची तार. दीडशे अॅम्पियरची कामगिरी त्या बारीक तारेवर आली, ती तापणारच.

मी पट्टीचा बोल्ट खोलला. वॉशरखाली गोल, चकचकीत, काळा रंग. गाडीच्या त्या कोपऱ्यावर रंग मारला होता, आणि रंग न खरवडता वरूनच पट्टी कसली होती. रंग म्हणजे विजेला भिंत. 2004 च्या उन्हाळ्यात इंजिनाचं बोअर-रिंगचं काम झालं होतं, इंजिन उतरवलं होतं, तेव्हाच आतून रंगही मारला असणार. बोल्टच्या आट्यांमधून थोडा करंट जात राहिला, मग पावसाळ्यात त्यांना गंज चढला. कुणाच्या हातून झालं हे शोधण्यात आता अर्थ नाही. रुपयाच्या नाण्याएवढा रंग. मी तो पॉलिश पेपरनं घासला, दोन मिनिटं लागली.

पाचवा बिघाड: पेट्रोलच बदललं

हा बिघाड गाडीत नाही, पंपावर आहे. हे इंजिन ज्या काळात आखलं तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. शिसं माणसासाठी विषच, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूसाठी, आणि 2000 साली ते देशभर बंद झालं ते उत्तमच झालं. पण त्या शिशाचा पातळ थर जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचा. शिसं गेलं की जास्त वेगानं सतत चालवल्यास ती बैठक झिजते, टॅपेटची फट कमी होत जाते, इंजिनचा दाब जातो. उपाय आहे, कडक धातूच्या बैठका बसवायच्या. पण ते हेड उतरवून करायचं काम.

आणि आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, फुगवतं, आणि हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं उभ्या गाडीच्या टाकीत गंज. मी सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या. एक विचार डोक्यातून जात नाही. हे इथेनॉल येतं ते आपल्याच उसापासूनही. आमच्या भागात उसाचं बिल वेळेवर मिळणं हा जगण्याचा प्रश्न आहे. म्हणजे ज्या शेतानं आबांना ही गाडी घ्यायचे पैसे दिले, त्याच शेतातला रस आता तिच्या नळ्या खातोय. यात मी कुणाच्या बाजूनं बोलू? शेताच्याच. नळ्या बदलता येतात.

शेवट कसा झाला

1991 नंतर दारं उघडली. 1994 मध्ये मारुती एस्टीम, 1995 मध्ये देवूची सिएलो. फोर्ड परत आली ती महिंद्राचा हात धरून, आणि तिची एस्कॉर्ट 1996 मध्ये आपल्या नाशिकला तयार होऊ लागली. जनरल मोटर्सही परत आली, ती चक्क हिंदुस्तान मोटर्सशीच भागीदारी करून, गुजरातेतल्या हालोलला. या सगळ्या गाड्या हलक्या होत्या, कमी पेट्रोल पीत होत्या आणि पावसात बिनतक्रार सुरू होत होत्या. कॉन्टेसा 2002 मध्ये बंद झाली. ॲम्बेसिडर 2014 पर्यंत टिकली.

आज ही गाडी एका विचित्र जागी अडकली आहे. सरकारी नियमानं व्हिंटेज म्हणायला 50 वर्षं लागतात. तोपर्यंत ती फक्त 'जुनी गाडी'. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर. हा खर्च करायचा की भंगारात द्यायची, हा आमच्या घरातला खरा प्रश्न आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

पण एक सुटलं. म्हणजे, सुटायला लागलंय.

त्या दिवशी मी पट्टी घासून कसली आणि घरात गेलो. बाबा पेपर वाचत होते. तो वॉशर त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. रंग, पट्टी, चोकची तार. मी म्हटलं, "बाबा, गाडी मोठी घेतली म्हणून नाही बंद पडली. आज कुठल्याही गाडीत हे झालं असतं तर ती पण बंद पडली असती." बाबांनी वॉशर उलटा-सुलटा करून बघितला. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "चोक भाजायलंय म्हणाला होता, ते खरंच होतं म्हण." मी हो म्हटलं. "मला वाटलं, सबब सांगायलाय."

संध्याकाळी अंधार पडत होता. आबा सीटवर, चाचा बॉनेटपाशी, मी पंपावर ओलं फडकं घेऊन. बाबा मागच्या दारातून आले, त्यांच्या हातात बॅटरी होती, उजेडाची. काही न बोलता इंजिनावर उजेड धरून उभे राहिले. आबांनी चावी फिरवली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा खोकली, निळा-काळा धूर सोडला, आणि लागली. निंबावरचे कावळे उडाले. 50 हॉर्सपॉवरचा आवाज तो कितीसा, पण शेजारचे गच्चीवर आले.

बाबा मोठ्यानं म्हणाले, "दादा, रेस कमी कर. गरम होईल."

वीस वर्षांत मी त्यांना 'दादा' म्हणताना ऐकलं नव्हतं. आबांनी पायाचा जोर कमी केला.

तर मंडळी, तुमच्याही घरामागं कुठं स्कूटर, लूना, ट्रॅक्टर, पद्मिनी उभी असेल, तर विकायच्या आधी एकदा विचारा, ती नेमकी कशानं बंद पडली होती. शक्य असेल तर गावातला जुना मेकॅनिक सोबत घ्या आणि त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि हो, अर्थिंगचा जोड आधी तपासा. रंग खरवडून.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.